ढोल वाजला, पान रिकामं

एकदा एक कारभारी हातातलं सोन्याचं कडं दाखवायला आपल्या म्हाताऱ्या गुरूकडे गेला आणि भर पंगतीत उपाशी राहिला. त्या उपाशी राहण्याची ही गोष्ट.

कारभारी साधासुधा नव्हता. एका डोंगराळ राज्याच्या सैन्याची सगळी कोठी त्याच्या हातात होती. सरहद्दीवरच्या चौक्यांना नाचणी, मीठ, तेल, घोंगड्या, वहाणा पोचवायचं काम त्याचं. चौक्या एकीच्या वर एक, जिना चढावा तशा. शेवटची पार सुळक्याखाली. पावसाळ्यात ओढे फुगले की तिची वाट तुटायची, ती दिवाळीपर्यंत. मग वर कुणी जात नसे, वरून कुणी येत नसे. जे काय पोचवायचं ते त्याच्या आत. नाही पोचलं, तर वरच्या माणसांनी दगड चाटायचे.

पूर्वी माल कुठं गेला, कुठं अडकला, याचा राजधानीत पत्ता लागत नसे. कारभाऱ्यानं त्यावर तोड काढली. त्यानं प्रत्येक चौकीसाठी ढोल करवून घेतला. माल हाती पडला की चौकीनं ढोल वाजवायचा, खालच्या चौकीनं तो ऐकून तोच ठेका आपल्या ढोलावर वाजवायचा, असा आवाज डोंगर उतरत राजधानीपर्यंत यायचा. प्रत्येक चौकीचा ठेका निराळा. कोठीच्या गच्चीवर एक माणूस कान लावून बसलेला. ठेका ओळखला की तो ओरडायचा, "अमक्या चौकीला पोचलं!" राजा खूष झाला. भर दरबारात त्यानं कारभाऱ्याच्या मनगटात सोन्याचं कडं चढवलं.

आणि त्याच दरबारात धाकू नावाच्या शिपायाच्या पायात बेड्या पडल्या.

धाकू सुळक्याच्या चौकीवरचा. डोंगर उतरून अनवाणी आला होता. टाचांच्या भेगांत माती भरलेली, गालफडं बसलेली. तो हात जोडून म्हणाला, "सरकार, वर दाणा न्हाई. कडू कंद उकडून खातोय आमी. त्येनं पोरांची पोटं चालल्यात. नाईकांनी धाडलंय मला. पावसाच्या आत कायतरी करा."

कारभाऱ्यानं गच्चीवरच्या माणसाला बोलावलं. "सुळक्याचा ठेका वाजला होता का?"

"दर खेपेला वाजला, सरकार. या कानांनी ऐकला."

झालं. ठेका वाजला म्हणजे माल पोचला. माल पोचला आणि वरची कोठी रिकामी, म्हणजे यांनी तो सरहद्दीपलीकडे विकला. कारभाऱ्यानं फिर्याद मांडली आणि धाकूला कडेलोटाची शिक्षा झाली. समोर जिवंत माणूस उभा, त्याचं पोट पाठीला लागलेलं, बरगड्या दिसताहेत, आणि एवढी मोठी शहाणी माणसं गच्चीवरच्या माणसाला विचारतात, आवाज आला का! त्या बरगड्यांकडे एकानं बघितलं असतं तर? पण बरगड्यांना ठेका नसतो ना.

तर असा हा कारभारी दुसऱ्या दिवशी गुरूच्या मठात आला. म्हातारा एके काळी सैन्याच्या मुदपाकखान्याचा प्रमुख होता. हजारोंना जेवू घालणं त्यानंच कारभाऱ्याला शिकवलं होतं. आता तो मठात वाटसरूंना दुपारचं जेवण घालायचा. स्वयंपाक ठकूबाईचा. तिच्या हाताला चव होती आणि तोंडाला लगाम नव्हता.

"बाबा, आशीर्वाद द्या," कारभारी पाया पडला. पडताना मनगट जरा पुढे केलं.

म्हाताऱ्यानं कड्याकडे बघितलंच नाही. "धाकूचं कळलं," तो म्हणाला. "कधी लोटणार त्याला?"

"उद्या. बाबा, दया मलाही येते. पण माझी व्यवस्था चोख आहे. ठेका खोटं बोलत नाही."

"बरं. आधी जेव."

पंगत मांडलेली होती. ओटीवरून सुरू होऊन ती दारातून अंगणात वळली होती. कारभारी सवयीनं पहिल्या पानावर बसायला गेला, तर म्हातारा म्हणाला, "तिथं नाही. तुझं पान शेवटचं. पार गोठ्याच्या कुडापाशी."

कारभाऱ्याला बोचलं. पण गुरूचा शब्द. तो गेला आणि उन्हात बसला. तिथून चूल दिसत नव्हती, ओटी दिसत नव्हती, दिसत होती फक्त शेजारच्या वाणसामानाच्या व्यापाऱ्याची रुंद पाठ. पानावर चिमूटभर मीठ तेवढं होतं.

ठकूबाई भाताचं पातेलं घेऊन चुलीपासून उठली. ती उंबरा ओलांडते न ओलांडते तोच चुलीशेजारी बसलेला म्हातारा खणखणीत ओरडला, "शेवटच्या पानाला भात पोचला!"

आमटी निघाली. "शेवटच्या पानाला आमटी पोचली!"

भाजी निघाली. "शेवटच्या पानाला भाजी पोचली! चला, करा सुरुवात!"

पंगत जेवू लागली. कारभारी वाट बघत राहिला. ठकूबाई ओटीवर वाढत होती तेव्हा पातेलं भरलेलं होतं. एकानं आणखी एक पळी मागितली. दुसऱ्यानं उशिरा येणाऱ्या भावाच्या नावानं मागितली. व्यापाऱ्यानं सांगितलं, "वाढ गं बाई, मागं एकच पान आहे, त्याला किती लागणार?" ठकूबाई व्यापाऱ्यापर्यंत आली तेव्हा ती पातेल्याचा तळ खरवडत होती. तिथूनच ती मागे फिरली.

"बाई, मी राहिलो!" कारभाऱ्यानं हाक मारली.

"राहिलात?" ठकूबाई कमरेवर हात ठेवून थांबली. "अवो, बाबांनी एवढं ओरडून सांगितलं की, पोचलं म्हणून. मी कशी मानू तुमचं?"

"अहो, पान रिकामं आहे माझं!"

आतून म्हाताऱ्याचा आवाज आला, "काय गडबड आहे तिकडं?"

"हे शेवटचं पान म्हणतंय, काय मिळालं न्हाई!"

"असं कसं? सगळं पोचल्याचं मी स्वतः सांगितलंय. खाल्लं असेल त्यानं, आणि आता पुन्हा मागतोय. नाहीतर कुडापलीकडं कुणाला तरी विकलं असेल. झडती घ्या त्याची."

पंगतीत हशा पिकला. व्यापारी तोंडातला घास सांभाळत मान वळवून म्हणाला, "कारभारी, एवढं सोनं हातात, आणि भाताची चोरी?"

कारभाऱ्याच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. लहानपणापासून त्याला कुणी चोर म्हटलं नव्हतं. आणि हे म्हणणारे सगळे ढेकर देत होते! तो ताडकन उठला आणि ओरडला, "आत बसून काय बोलता? इथं या! इथं येऊन माझं पान बघा!"

म्हातारा काठी टेकत दारात आला. अंगण ओलांडून गोठ्याच्या कुडापर्यंत आला. वाकून त्यानं ते पान बघितलं, त्यावरचं मीठ बघितलं. मग सावकाश म्हणाला, "अस्सं. इथं येऊन बघायचं असतं होय? धाकूचं पान बघायला तू कुठवर गेला होतास?"

कारभाऱ्यानं कड्याचा हात पाठीमागे नेला.

"लेका, तुझे ढोल वाईट नाहीत," म्हातारा म्हणाला. "पण माल पोचला हे देणाऱ्यानं सांगायचं नसतं, ते घेणाऱ्याच्या तोंडून ऐकायचं असतं. ठकू चुलीपासून उठली आणि मी पोचलं म्हणालो. माझ्या जागी लबाड नसलेला माणूस असता, तरी त्याला खरंच तसं वाटलं असतं. मधले जेवणारेही चोर नाहीत. प्रत्येकानं आपल्या काळजीपोटी एक पळी जादा घेतली आणि मनात म्हणाला, पुढं पुरेल. ते पुढं म्हणजे कुणाचं तरी तोंड असतं, ते तोंड मात्र कुणाला दिसत नाही. इथवर झालं ती चूक. चूक सुधारता येते. पण जो उपाशी राहिला त्यालाच तू चोर ठरवलंस. का? तर तुझा ढोल खोटा ठरला असता तर तुझं कडं उतरलं असतं, आणि धाकू खोटा ठरला तर नुसता धाकूच जातो. ही चूक नाही. हे पाप आहे. आणि ते पोट भरलेलं असताना केलेलं पाप आहे."

ठकूबाई झाकून ठेवलेलं ताट घेऊन आली. तिनं त्याच्यापुरतं आधीच काढून ठेवलं होतं. "घ्या, जेवा आता. उपास घडला एवढा पुरे."

"नको," कारभारी म्हणाला. "बांधून द्या."

ते बांधलेलं जेवण घेऊन तो थेट बंदीखान्यात गेला. धाकू भिंतीला टेकून बसला होता. कारभाऱ्यानं पुढ्यात शिदोरी सोडली आणि, जे पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं, ते आता विचारलं.

"धाकू, माल आल्यावर तुम्ही तुमचा ढोल कधी वाजवत होता?"

धाकूचा घास हातातच राहिला. "कंचा ढोल, सरकार?"

"सुळक्याच्या चौकीचा. मी पाठवला होता."

"आमच्याकडं न्हाई आला ढोल."

ढोल निघाले तो दिवस कारभाऱ्याला आठवला. गच्चीवरचा माणूस तेव्हाही ओरडला होता, सुळक्याला ढोल पोचला म्हणून. तो ढोल पोचल्याची वर्दी कुणी वाजवली असेल, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

फिर्याद त्याचीच होती, ती त्यानं राजापुढे मागे घेतली. कडं उतरवून राजाच्या पायाशी ठेवलं. राजा चिडला, पण धाकू सुटला; दरबारी कुजबुजले. कुजबुजू देत. तो त्याच दिवशी बैल भरून निघाला. धाकूला घोड्यावर बसवलं, आणि स्वतः शेवटच्या बैलाच्या मागे चालू लागला. आजवर त्यानं माल निघताना बघितला होता, पुढून. आता पहिल्यांदा त्याला मागून दिसत होतं.

प्रत्येक चौकीवर हात पुढे आले. "थोडं उतरवून ठेवतो, कारभारी. पाऊस तोंडावर आहे. वर माणसं ती किती?"

"आधी वरचं," तो म्हणायचा. "उतरताना तुमचं."

सुळक्याच्या अलीकडच्या चौकीवर जमादार बाहेर आला. घाईघाईनं त्यानं बसायला काहीतरी पुढे सरकवलं. कारभारी बसणार, तोच त्याला खालचं कातडं दिसलं. तो ढोल होता. कोरा करकरीत. एकदाही टिपरू न लागलेला.

"हा इथं कसा?"

जमादार हसला. त्याला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. "वरची वाट कठीण, कारभारी. हमाल म्हणाले, एवढं धूड कोण चढवणार? म्हटलं, राहू दे. बैल इथून वर निघाले की वरच्यांचा ठेका आमीच वाजवतो. तुमची वर्दी काय चुकू दिली न्हाई आमी."

"आणि इथून निघालेले बैल भरलेले असायचे?"

जमादारानं मान खाली घातली. "आता... आमालाबी पावसाळा काढायचा असतो."

धाकू घोड्यावरून उतरला. त्यानं ढोल पाठीवर घेतला. कारभाऱ्यानं हात लावायला जावं तर त्यानं खांदा झटकला. "ऱ्हाऊ द्या. आमचाय त्यो."

वर पोचले तेव्हा आभाळ भरून आलं होतं. चौकीतली माणसं ओळीनं बसलेली होती. समोर पानं मांडलेली, मडक्यातून उकडलेल्या कंदांचा कडवट वास येत होता. नाईक, म्हणजे चौकीचा मुख्य, उठला. त्याची नजर बैलांकडे गेली, मग कारभाऱ्याकडे. गोण्यांना त्यानं हात लावला नाही. त्यानं मडक्यातला एक कंद काढला आणि पहिल्या पानावर ठेवला.

"या. पाव्हणं हायसा. आधी तुम्ही."

हे टोमण्यानं म्हटलं असतं तर कारभाऱ्याला सोसलं असतं. नाईक टोमणा मारत नव्हता. त्याच्या घरी पाहुण्याला असंच वाढत असतील.

कारभारी पानावर बसला. त्यानं तो कंद तोंडात घातला. जीभ खाजली, घसा आवळला, डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं तो गिळला. मग उठून नाचणीची गोणी स्वतःच्या हातानं सोडली आणि ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेला. तिथं एक पोरगेला शिपाई तापानं फणफणत भिंतीशी पडला होता. त्याच्या पानापासून त्यानं वाढायला सुरुवात केली. शिधा वाढला, मीठ ठेवलं, अंगावर नवी घोंगडी घातली. तिथून एकेक पान करत तो नाईकापर्यंत आला.

मग सवयीनं त्याच्या तोंडी आलं, "वाजवा आता ढोल." आणि तो थांबला. धाकूकडे बघून म्हणाला, "तुम्हाला वाटेल तेव्हा वाजवा."

धाकूनं लगेच वाजवला नाही. चूल पेटली, भाकरी झाली, तापल्या पोरानं पेज घेतली. सगळ्यांची पानं भरलेली त्यानं डोळ्यांनी बघितली. मग त्यानं कोऱ्या कातड्यावर असं टिपरू हाणलं की सुळक्यावरची पाखरं उडाली. त्या ठेक्यात आनंद नव्हता. वर्षभर दुसऱ्यानं आपल्या नावानं हाणलेल्या थापांचा सगळा राग त्यात होता. कारभारी मान खाली घालून ऐकत होता. खालच्या चौकीचा ढोल बोलला, त्याच्या खालचा बोलला, आवाज डोंगर उतरत गेला, आणि पावसाचा पहिला टपोरा थेंब ढोलाच्या कातड्यावर पडला.

राज्य चालवा नाहीतर घरची पंगत, पोचलं का हे चुलीपाशी उभं राहून विचारू नये. पातेलं हातात घेऊन शेवटच्या पानापर्यंत चालत जावं आणि तिथल्या माणसाच्या तोंडाकडे बघावं.