पाच तुकड्यांची निवडणूक

मी राज्यशास्त्राचा विभागप्रमुख. अमेरिकेतले पक्ष आणि निवडणुका हा पेपर मी बावीस वर्षं शिकवला. मग वैदेही खांबेटे ही नवी प्राध्यापिका तोच पेपर शिकवू लागली आणि पोरं खिडकीत बसून तिचा तास ऐकू लागली. माझा नुसता जळफळाट झाला.

पेपर कोणी शिकवायचा यावर मी मतदान घेतलं. नियम माझाच होता: ज्या तुकडीत ज्याला जास्त मतं, ती अख्खी तुकडी त्याची; आणि ज्याच्या तुकड्या जास्त, पेपर त्याचा. पाचपैकी तीन तुकड्या मी दोन-दोन मतांनी जिंकलो. उरलेल्या दोन तुकड्यांत मला कुत्रं विचारत नव्हतं, पण पेपर माझा झाला.

तरी मनातली आग विझेना. दोन दिवसांनी प्राचार्य माझ्या तासाला आले, वैदेहीही मागे बसली होती, तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, अमेरिकेत जास्त मतं मिळवूनही उमेदवार हरतो कसा? एका वाक्यात सांगा."

वैदेही शांतपणे म्हणाली, "परवा मी तुमच्याकडून हरले ना सर, अगदी तसाच."

प्राचार्यांनी तिथेच पाचही तुकड्यांच्या मतांची बेरीज करायला लावली.

आता तास तिचा आहे. खिडकीत जागा मिळावी म्हणून मला लवकर यावं लागतं.