तारखेची रिकामी चौकट

"...मग हिच्यात काहीच न घालता पुढं जाता येत नाही?" बुवांनी विचारलं.

हेरंबाला हसू आलं. एवढी देखणी चौकट समोर पडद्यावर मांडलेली, आणि बुवांना विचारायला नेमकं हेच सापडावं.

बुवांच्या कृष्णाकाठच्या मठात रोज कुणाच्या ना कुणाच्या नावानं अन्नदान व्हायचं. यजमानांची नावं कचेरीत विसूभाऊ लिहून घ्यायचे. हेरंब पुण्याचा, संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा. बुवांनी आपल्याला शिष्य म्हणावं, एवढीच त्याची इच्छा. ती मागायला मोकळ्या हातांनी कसं जायचं, म्हणून कचेरीसाठी त्यानं एक प्रोग्रॅम करून आणला होता. यजमानाचं नाव, गाव, फोन आणि अन्नदानाची तारीख.

त्यातही तारखेच्या चौकटीवर त्याचा फार जीव. आयती मिळते ती करड्या रंगाची, कुठल्याही दुकानात चालून जाईल अशी. त्यानं तिचं रूपच पालटून टाकलं होतं. कडेनं कमळवेल, आकडे मराठी, उघडायच्या बाणाच्या जागी विड्याचं पान. पानावर टिचकी दिली की सगळा महिना खाली उलगडायचा. एकादशी तुळशीच्या रंगात, पौर्णिमेला चंदनाचा ठिपका, अमावास्येला काजळाचं बोट.

"नाही राहत रिकामी, बुवा," तो म्हणाला. "ही जातच तशी. कुठली तरी तारीख पोटात धरूनच बसते. मी उद्याची ठेवलीय. शिधा आदल्या दिवशी काढावा लागतो ना."

बुवा "बरं" म्हणाले. चांगली म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत.

तेवढ्यात भिंतीला धरत धरत म्हाताऱ्या अनसूयाबाई पायऱ्या चढून आल्या. विसूभाऊ बाजाराला गेले होते, म्हणून खुर्चीवर हेरंबच होता.

अनसूयाबाईंनी बुवांपुढं तांदळाची पुरचुंडी ठेवली आणि बसून घेतलं. त्यांचा मुलगा दिगंबर वडिलांशी भांडून घरातून गेला होता. वडील पुढं वारले, ते कळवायलाही पत्ता नव्हता. दिगूचं पाऊल घराला लागेल त्या दिवशी मठात अन्नदान घालीन, असा नवस त्या बोलल्या होत्या. तो देवाच्या दारी लिहून ठेवावा, म्हणून आल्या होत्या.

हेरंबानं नाव घातलं, गाव घातलं. फोन शेजारच्या दुकानदाराचा घातला.

"तारीख?"

"तो येईल ती."

"तसं नाही, आजी. तारीख सांगावी लागते."

"अरे बाबा, ती मला ठाव असती तर नवस कशाला बोलले असते?"

बुवांनी डोळे मिटून घेतले. मिशांच्या आड काहीतरी हललं.

हेरंबानं वाट काढली. लांबची एखादी तारीख घालून ठेवू म्हणाला, दहा वर्षांनंतरची. तोवर येईलच की मुलगा.

"दहा वरसं...?"

अनसूयाबाई पुरचुंडीची सुटलेली गाठ पुन्हा बांधायला लागल्या.

"तिचं लिहून घे," बुवा म्हणाले. "तारखेवाचून."

आता मात्र हेरंबाच्या हुशारीलाच हात घातल्यासारखं झालं. तो थोडा वेळ खाटखुट करत बसला. आधी दिवस दाखव, मग महिना, मग वर्ष, असं त्या चौकटीला सांगून ठेवता येतं. त्यानं या वेळी तिला सांगितलं, नुसती मोकळी जागा दाखव. आकडे नाहीसे झाले. कमळवेल तेवढी राहिली आणि मधे पांढरं.

"घ्या. झाली रिकामी."

बुवांनी चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिले.

"रिकामी झाली?"

"दिसतेय ना, बुवा."

"दिसतेय खरी..."

अनसूयाबाईंना ती पांढरी जागा फार आवडली. त्यांनी पडद्याला बोटं लावून कपाळाला लावली, पुरचुंडी तिथंच ठेवली आणि समाधानानं घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी विसूभाऊंनी यंत्र उघडलं. आजचा यजमान कोण, ते यंत्रानं सांगितलं. शिकवल्याबरहुकूम विसूभाऊंनी मुदपाकखान्यात निरोप दिला आणि फोन लावला. हेरंब नदीवरून अंघोळ करून आला तेव्हा पंगतीची पानं मांडली जात होती. आपल्या यंत्रानं किती बिनबोभाट काम केलं, म्हणून तो मनात सुखावला.

आणि अनसूयाबाई आल्या.

भिंतीला न धरता आल्या. पदर सुटलेला, एका पायात चप्पल नाही, मागून कुणी बायका "अहो, हळू, हळू" करत येताहेत. त्यांनी पंगतीतला एकेक चेहरा पाहिला. शेवटापर्यंत गेल्या. मग पुन्हा पहिल्यापासून पाहत आल्या.

"कुठाय...? दुकानदार म्हणाला, आज तुमचं अन्नदान हाय."

विसूभाऊंनी हेरंबाकडं पाहिलं. हेरंब पुढं आला.

"आजी, चूक माझी," तो म्हणाला. "तारीख मी फक्त दिसू दिली नव्हती. आत आजची होतीच."

यातलं अनसूयाबाईंना काही उमगलं नाही. उमगायचं तेवढं उमगलं. त्या पायरीवर बसल्या. बुवा उठून आले आणि त्यांच्याहून एक पायरी खाली बसले.

"न्हाई आला व्हय?"

"नाही."

...

पंगत खोळंबली होती. अनसूयाबाईंनी पदर सारखा केला, चेहरा पुसला.

"पळत आले बघा, बुवा. गुडघे काय बोलले न्हाईत."

"मी पाहिलं."

"म्हंजे तो आला की पळता येईल मला."

बुवांनी मान हलवली. आजचं जेवण मठाचं, असं त्यांनी विसूभाऊंना सांगितलं. मग बाईंना, तुमचा नवस आहे तिथंच आहे, आज आमच्याबरोबर दोन घास खा म्हणाले.

हेरंब कचेरीत गेला. त्यानं कमळवेलीची चौकट काढून टाकली. तिच्या जागी एक साधी ओळ ठेवली, लिहिलं तर लिहिलं, नाही तर आतबाहेर कोरी. अनसूयाबाईंच्या नावापुढं ती कोरी आहे, हे दोनदा तपासलं. विसूभाऊंनाही दाखवलं. मग बाहेर येऊन, कुणी न सांगता, भाताचं पातेलं उचललं.

अनसूयाबाई पंगतीच्या टोकाला बसल्या होत्या. बुवांनी स्वतःच्या हातानं त्यांच्या शेजारी आणखी एक पान मांडलं होतं, पाण्याचा तांब्या भरून ठेवला होता. त्या पाटावर कुणी बसलं नव्हतं.

हेरंब वाढत वाढत तिथं आला. त्याचे डोळे भरले होते. त्यानं वाफाळता भात काठोकाठ वाढणीत घेतला आणि त्या पानावर वाकला.

बुवांनी पानावर आपला तळवा आडवा धरला.

"इथं वाढू नकोस, हेरंबा... तो यायचाय."