धाकटीनं नेलेली सहल

एका जंगलात, सागाच्या एका वठलेल्या खोडाखाली, एक चिचुंद्री राहत असे. हां हां, लगेच नाकाला रुमाल लावू नका! चिचुंद्रीच्या अंगाला वास येतो हे तिलाही ठाऊक असतं. पण तिच्या पोरांना तोच आईचा वास वाटतो, आणि त्यांच्यापुढे तुमच्याआमच्या नाकाला विचारतो कोण? या चिचुंद्रीला चार पिल्लं होती. चारही एकाच पहाटे जन्मलेली. पण जी आधी आली ती थोरली, तिच्यामागून आले ते दोघे मधले, आणि सगळ्यांच्या शेवटी, अंमळ विचार करून आल्यासारखी आली ती धाकटी.

चिचुंद्र्यांना डोळ्यांनी फारसं दिसत नाही. वीतभर पुढचं दिसलं तरी पुष्कळ. म्हणून बाहेर पडताना त्यांची एक रीत असते. आई पुढे चालते, पहिलं पिल्लू आईची शेपटी तोंडात धरतं, दुसरं पहिल्याची, तिसरं दुसऱ्याची, आणि अशी सगळी माळ लुटूलुटू निघते. कुणी हरवत नाही, कुणी मागे राहत नाही. अडचण एवढीच, की तोंडात शेपटी असल्यावर बोलायचं कसं? तेव्हा चालताना सगळं गुपचूप. थांबायचं असेल तर शेपटीला एक हिसका द्यायचा, तो पुढे पुढे जात आईपर्यंत पोचतो.

पण मुलांनो, ही माळ फार दिवस टिकत नाही. पिल्लांचे पाय घट्ट झाले, की एके दिवशी एक पिल्लू शेपटी सोडतं आणि आपलं आपण चालू लागतं. रागानं नाही हं. आता गरज उरलेली नसते, एवढंच. आणि चिचुंद्र्यांच्या जातीचा नियम असा, की एकदा एकट्यानं वाट चाललेलं पिल्लू पुन्हा शेपटी धरत नाही. आपल्या चिचुंद्रीला हे ठाऊक होतं, म्हणूनच तिच्या जिवाला घोर लागला होता.

झालं होतं असं. चैत्र लागला होता, जंगलात जो तो पोराबाळांना घेऊन सहलीला निघाला होता. सहल म्हणजे कुठली? तर टेकडीपलीकडच्या मोठ्या डोहावरची. नदीच्या पैलतीराला गर्द सावली, थंडगार पाणी, पिकलेली उंबरं. लहानग्यांना नदी ओलांडायची तर कासवाच्या पाठीवर बसावं लागे, आणि कासव जिवामागे एक मोहाचं फूल घेई. शेजारची खार तर पिल्लांना घेऊन दोनदा जाऊन आली होती, आणि बावीसदा सांगून झाली होती.

"काय हो चिचुंद्रीवहिनी," ती फांदीवरूनच विचारी, म्हणजे वासही लागू नये आणि चौकशीही व्हावी, "नेलंत की नाही अजून पोरांना डोहावर?"

"न्यायचंय ना," चिचुंद्री म्हणे. "फुलं जमली की नेते."

"अगंबाई! डोह पाहिला नाही म्हणजे पोरांनी पाहिलं तरी काय?"

एवढं बोलून खार निघून जाई. तिला वाईट बोलायचं नसे, पण बोलणं लागायचं ते लागतच असे. चिचुंद्री मग रोज उजाडायच्या आत मोहाच्या झाडाखाली जाई. हरणं आणि माकडं येऊन सगळं फस्त करायच्या आधी एखादं फूल मिळालं तर मिळालं. कधी एक, कधी एकही नाही. मिळालेलं फूल वाळवून ती पानाच्या पुडीत जपून ठेवी. मोहाचं फूल वाळलं तरी गोडी सोडत नाही, हे एक बरं.

"आई, चल ना जरा बाहेर," धाकटी मागे लागे. "ओढ्यापर्यंत तरी चल."

"ओढ्यात काय ठेवलंय? आपल्याला डोहावर जायचंय ना? मग आता उन्हात हिंडायचं नाही. शहाणी ना तू?"

धाकटी शहाणी होऊन गप्प बसे. पण शहाणपणानं करमत थोडंच! आणि इकडे चिचुंद्रीच्या ध्यानात येत होतं, की किडे वेचायला जाताना थोरलीची पकड रोज सैल पडत चालली आहे. पूर्वी ती शेपटी कशी करकचून धरायची. आता नुसती ओठांत ठेवल्यासारखी. चिचुंद्री मनात म्हणे, 'देवा, माळ तुटायच्या आत एकदा, फक्त एकदा माझ्या पोरांची सहल होऊ दे.'

अखेर पाचवं फूल मिळालं. दुसऱ्याच दिवशी पहाटे चिचुंद्रीनं चौघांना चाटूनपुसून स्वच्छ केलं, पुडी तोंडात धरली आणि माळ निघाली. आईच्या तोंडात पुडी, पोरांच्या तोंडात शेपट्या. अशी मुकी सहल कुणी पाहिली नसेल!

ओढा ओलांडला न ओलांडला तोच शेपटीला एक हिसका बसला. चिचुंद्री थांबली नाही. 'आता कुठं घर सुटलंय, आणि आत्तापासून थांबायचं? ऊन चढेल, कासवाकडे रांग लागेल.' थोड्या वेळानं दुसरा हिसका. तिनं शेपटी जरा झटकली, म्हणजे 'चला, चला!' तिसरा हिसका आला तो इतका हळू होता, की तो खरंच आला की नुसतं तसं वाटलं हेही तिला कळलं नाही. ती आपली डोहाच्या नादात पुढे, आणखी पुढे. टेकडी चढली, उतरली. पाय भाजायला लागले तेव्हा एकदाची नदी आली.

काठावर ही गर्दी! सशाची पोरं, मुंगसाची पोरं, नुसता कलकलाट. चिचुंद्री मुकाट्यानं रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली तसं तिनं पुडी कासवापुढे ठेवली आणि उलगडली. किती दिवसांची ती हौस!

"किती जण?" कासवानं विचारलं.

"आम्ही पाच," ती ऐटीत म्हणाली.

कासवानं मान लांब करून माळेवरून नजर फिरवली. "पाच? मला तर चारच दिसतात, बाई."

चिचुंद्री गर्रकन वळली. थोरली होती. एक मधला होता, दुसरा मधला होता. दुसऱ्या मधल्याच्या मागे कुणीच नव्हतं.

"धाकटी कुठंय?" ती किंचाळली.

दुसरा मधला रडायलाच लागला. "तिनं कधी सोडलं ते मला कळलंच नाही गं! मला वाटलं, हलकं लागतंय ते बरंय."

चिचुंद्री आल्या वाटेनं उलटी धावत सुटली. मागून कासव ओरडत होतं, "अहो बाई, तुमची पुडी! तुमची फुलं!" पण कुठली पुडी आणि कसलं काय! आभाळात घार घिरट्या घालत होती. तिची सावली पाचोळ्यावरून सरकली की चिचुंद्रीचं काळीज थांबायचं. डोळ्यांना तर काही दिसतच नव्हतं. तिनं लांबोडकं नाक जमिनीला टेकवलं आणि वास घेत घेत निघाली. इथं थोरलीचा वास, इथं मधल्यांचा, आणि धाकटीचा? कुठंच नाही. "नको मला तो डोह," ती मोठ्यानं म्हणत होती, "काही नको. माझी पोर तेवढी मिळू दे." सगळं जंगल ज्या वासाला नाक मुरडत होतं, तोच तोळाभर वास ती वाटेवर शोधत होती.

टेकडी मागे पडली. पुन्हा ओढा जवळ आला, तिचं घर हाकेच्या अंतरावर राहिलं, आणि एका दगडापाशी तिला तो वास सापडला. आधी अगदी पुसट, मग चांगला घमघमाट! दगडाच्या आडोशाला, सावलीत, धाकटी मजेत बसली होती.

"आलीस?" ती म्हणाली. "मला वाटलंच, तू येशील. आई, बघ ना, ही कुंभारीण माशी मडकं करतेय. आता फक्त तोंड करायचं राहिलंय."

चिचुंद्रीनं तिला आधी छातीशी ओढलं, मग एक धपाटा घातला, मग पुन्हा छातीशी ओढलं. आयांची ही अशी तऱ्हा असते. "कार्टे, जीव गेला असता ना माझा! थांबायचं होतं तर सांगायचं नाही?"

"तीनदा ओढलं की!" धाकटी म्हणाली. "तू थांबलीच नाहीस. मग म्हटलं, हाक मारावी. पण तोंडात शेपटी होती ना. बोलायला म्हणून सोडली, तर तोवर तुम्ही गेलात पण."

चिचुंद्री खाली बसली. तेवढ्यात मागून धापा टाकत बाकीची तिघं आली. मधले दोघे एकमेकांना धरून होते. थोरली मात्र एकटी चालत होती आणि तिच्या तोंडात फुलांची पुडी होती. काठावर राहिलेली पुडी उचलायला तिनं आईची शेपटी सोडली होती, आणि तेवढी टेकडी आपल्या पायांनी ओलांडून ती आली होती. चिचुंद्रीच्या लक्षात आलं. झालं म्हणायचं. थोरलीची शेपटी सुटली. ज्या दिवसासाठी जीव एवढा टांगणीला लावला, तो दिवस असा पळापळीतच निसटून गेला. तिला रडूच फुटलं.

"मी फुलं आणली ना आई," थोरली घाबरून म्हणाली. "पाचही आहेत. रडतेस का?"

"सहल राहिली गं तुमची," चिचुंद्री म्हणाली.

"कशी राहिली?" धाकटीनं विचारलं. "अजून ऊन आहे की. मी नेते ना तुम्हाला. मला किती काय काय दाखवायचंय!"

चिचुंद्रीनं तिच्याकडे पाहिलं. एवढीशी, जांभळाएवढी पोर, आणि म्हणे मी नेते! पण तिनं डोळे पुसले. "बरं बाई," ती म्हणाली, "आज तू पुढे हो."

असं चिचुंद्र्यांत कधी कुणी केलं नव्हतं. धाकटी पुढे झाली. तिची शेपटी एका मधल्यानं धरली, त्याची दुसऱ्यानं. त्यांच्यामागे पुडी घेऊन थोरली. थोरली कुणाची शेपटी धरणार नव्हती. पण तिची शेपटी धरायला कुठल्या नियमाची आडकाठी होती? चिचुंद्री सगळ्यांच्या मागे गेली आणि तिनं थोरलीची शेपटी अलगद तोंडात घेतली. थोरलीनं एकदा वळून पाहिलं. मग चालताना पावलं जरा हळू टाकू लागली.

आणि मग काय गंमत झाली म्हणता! सगळ्यांच्या तोंडात काही ना काही, बोलायला मोकळं तोंड एकट्या धाकटीचं. ती थांबेल तिथं माळ थांबे. "हे बघा, कुंभारणीनं मडक्याला काठ केला!" माळ थांबली. "हे बघा, मुंग्या फुलपाखराचा पंख नेतायत!" माळ थांबली. सावरीचा कापूस उडत आला तर पाचही जण नाक वर करून उभे, तो खाली बसेपर्यंत. चिचुंद्रीला चारचारदा वाटलं, म्हणावं, 'पुरे आता, चला, पाय भरतील, तिकडे जाऊ नका.' पण तोंडात शेपटी! बोलणार कसं? थोड्या वेळानं तिला ते वाटेनासंही झालं. इतके दिवस ती पुढे चालत आली होती. पोरं चालताना कशी दिसतात, मधला पाय कसा फेकतो, धाकटी आनंदानं कशी थरथरते, हे तिनं आज पहिल्यांदा पाहिलं.

शेवटी धाकटीनं सगळ्यांना ओढ्याच्या वाळूत नेलं. ओढा आटला होता, पण एके ठिकाणी वाळूतून पाणी झिरपत होतं. ओंजळभरच, पण निवळशंख. पोरं ओल्या वाळूत पोटावर पसरली. तिथंच थोरलीनं पुडी सोडली आणि प्रत्येकानं एकेक मोहाचं फूल खाल्लं. कासवाला द्यायची ती फुलं, काय गोड लागली म्हणून सांगू!

"आई, डोह याच्यापेक्षा मोठा असतो?" धाकटीनं विचारलं.

"खूप मोठा, बाळा."

"मग बरं झालं. मी त्यात बुडालेच असते."

चिचुंद्री पोट धरून हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

सूर्य कलला तशी माळ घरी आली. खार फांदीवर वाटच पाहत होती. "काय वहिनी, झाला का डोह?" तिनं विचारलं. पण चिचुंद्रीला बोलू देतंय कोण? आता सगळ्यांची तोंडं मोकळी झाली होती. मडकं, पंख, कापूस, गार वाळू, चौघंही एकदम सांगत होती. खारीची पिल्लं ऐकता ऐकता दोन फांद्या खाली उतरली, आणि मग खारही उतरली. वासाचं तिला भानच राहिलं नाही.

पुढच्या चार दिवसांत मधल्यांनी शेपट्या सोडल्या, आणि शेवटी धाकटीनंही. व्हायचंच होतं ते. पोरं आपापल्या वाटेनं पांगली. खोडाखाली चिचुंद्री एकटी उरली.

पुन्हा चैत्र आला. एका सकाळी चिचुंद्री ओढ्याकाठी किडे वेचत होती, तोच ओळखीचा वास आला. पाठोपाठ एक चिमुकला आवाज, "हे बघा! इकडे बघा!" समोरून एक माळ येत होती. पुढे एवढंसं पिल्लू अखंड बडबडत होतं, त्याच्यामागे तीन भावंडं, आणि सगळ्यांच्या मागे, शेवटच्या पिल्लाची शेपटी तोंडात धरून, थोरली. आईला पाहून ती थबकली. बोलायला तोंड मोकळं नव्हतं, आणि शेपटी सोडायची तिची तयारी नव्हती. तिनं नुसती आपली शेपटी जराशी उचलली.

चिचुंद्री हळूच मागे गेली आणि ती तिनं तोंडात धरली.

तात्पर्य : पोरांना लांब नेणं जमेल तेव्हा जमेल, आज घराजवळच त्यांच्या मागून चालावं, आणि चालताना आपलं तोंड बंद ठेवावं.