पिऊचा कापूस

एका गॅलरीत दोन पिंजरे. एकात पिऊ, एकात कनू. दोघं कॅनरी. पिवळीधम्मक!

पिऊच्या पिंजऱ्याचं दार उघडं. पिऊ बांधत होती घरटं. आज तर अंडं यायचं! घाई घाई घाई!

तेवढ्यात वारा आला. सूऽऽऽ! पिऊचा कापूस उडाला. भुर्र! आणि अडकला कुठे? गुलाबाच्या काट्यात!

पिऊ गेली, टिपुक टिपुक.
“गुलाबदादा, माझा कापूस दे ना!”
“मला तहान लागलीये. आधी पाणी, मग कापूस!”

पिऊ गेली, टिपुक टिपुक.
“झारीताई, पाणी दे ना!
गुलाब देईना,
घरटं होईना,
अंडं ठेवू कुठे?”
“अगं, मीच रिकामी! नळाला सांग.”

पिऊ गेली, टिपुक टिपुक.
“नळोबा, वाहा ना!
झारी भरेना,
गुलाब देईना,
घरटं होईना,
अंडं ठेवू कुठे?”
“मला फिरवायला इरू लागते. तिला उठव.”

आजोबांची नात इरू पांघरुणात गुडुप्प! पिऊ गेली, टिपुक टिपुक.
“इरू, ऊठ ना!
नळ वाहेना,
झारी भरेना,
गुलाब देईना,
घरटं होईना,
अंडं ठेवू कुठे?”
“अं हं! कनू गायला की मी उठते. आज तो गायलाच नाही!”

पिऊ गेली, टिपुक टिपुक टिपुक!
“कनूराव, गा ना!
इरू उठेना,
नळ वाहेना,
झारी भरेना,
गुलाब देईना,
घरटं होईना,
अंडं ठेवू कुठे?”
आतून आवाज आला, “शूऽऽ! रात्र आहे. रात्री कोण गातं?”
“रात्र? अहो, ऊन आलंय!”

बघते तर काय! कनूच्या पिंजऱ्यावर आजोबांची लुंगी! रात्री दोन्ही पिंजऱ्यांवर आजोबा पांघरूण घालतात. सकाळी काढतात. आज पिऊचं काढलं, कनूचं विसरले! आणि गेले दूध आणायला.

आता कुणाला सांगायचं? कुणालाच नाही!
पिऊनं धरली लुंगी चोचीत. ओढ! ओढ! ओऽऽढ!
सर्रर्र… धप्प!

“अरेच्चा, उजाडलं!”
कनू गायला, टिर्रर्र टिवी टिवी!
इरू उठली, टुणकन!
नळ वाहिला, भळाभळा!
झारी भरली, डुबुक डुबुक!
गुलाब प्यायला, गटागटा!
“घे गं बाई तुझा कापूस!”
घरटं झालं, मऊ मऊ!
आणि टुप्प! एक अंडं. छोटुकलं. निळसर. ठिपक्याठिपक्यांचं.

आजोबा आले. “अरे! माझी लुंगी खाली कुणी पाडली?”
पिऊ बसलीये अंड्यावर.
शूऽऽ! आता सगळ्यांनी हळू बोला.