दुहेरी गाठीची ओढणी

“…आणि आठवं नाव माझं लिहू ना, मावशी?”

जेठीमावशीनं उन्हात वाळलेली ओढणी मांडीवर घेतली.

हर्षला वर्षभर धुळ्याहून नंदुरबारला येत होती, बांधणी शिकायला. शिकता शिकता तिनं या घराचा इतिहासही वहीत उतरवला होता. बायकांच्या डोक्यावरच्या ओढण्या बांधणाऱ्या सात पिढ्यांच्या सात बाया. कुणी कुठून आली, कुणी कोणता लाल रंग आणला. बाप्यांची नावं तर दुनिया लिहितेच.

आज तिनं स्वतः बांधून रंगवलेली पहिली ओढणी सोडायची होती, म्हणजे ताणून ठिपक्यांवरचे दोरे उडवायचे होते. परवा मावशीची नात रंभा तीच डोक्यावर घेऊन बोहल्यावर चढणार होती. नीट सुटली, तर वहीत आठवी ओळ.

“धर टोक,” मावशी म्हणाली.

दोघींनी दोन टोकं धरून हिसडा दिला.

काहीच झालं नाही.

पुन्हा हिसडा… एक दोरा जागचा हलेल तर शपथ.

“सुटायच्या नाहीतच गाठी!” हर्षला ऐटीत म्हणाली. “तुम्ही नुसता दोरा गुंडाळता, मावशी. मी ठिपक्या-ठिपक्याला दुहेरी गाठ मारलीय. आत रंग शिरायची बिशाद नाही.”

मावशीनं शेजारची आपली ओढणी उचलली, एक टोक तिच्या हाती दिलं.

एकच हिसडा. तडतड तडतड दोरे उडाले आणि लालभडक कापडावर पांढरे ठिपके उघडले.

हर्षलाचा चेहरा उतरला. तिनं झटकन कात्री घेतली, काठाजवळची पहिली गाठ कापली. गाठीबरोबर कापडही कापलं गेलं.

मावशीनं कात्री काढून घेतली. गाठी उकलायला हातात सुई दिली.

“दोन हजार गाठी आहेत, मावशी…”

“मारताना नाही थकलीस ती?”

“हर्षलाताई, माझं लग्न अडकवलंस की गं!” रंभा म्हणाली आणि दुसरी सुई घेऊन बसली. तिसरी मावशीनं घेतली.

सकाळची दुपार झाली, दुपारची संध्याकाळ. शेवटचा दोरा निघाला. कापलेलं भोक मावशीनं काठात दुमडून शिवून टाकलं.

ठिपके देखणे आले होते. खरं सांगायचं तर मावशीच्यापेक्षाही रेखीव. रंभानं ओढणी डोक्यावर घेतली आणि आरशासमोरून हलेचना.

हर्षलानं मात्र वही मिटून पिशवीत घातली.

“मिटलीस का?”

“सात बाया झाल्या, मावशी. त्यांच्यातल्या एकीनं तरी असा गाढवपणा…”

मावशी सुईतला दोरा ओढून काढत होती.

“काढ वही,” ती म्हणाली. “जिनं हे पहिल्यांदा बांधलं, तीही आधी गाठच मारून बसली असणार.”