कापलेला डोंगर

"पण महाराज, दोन्हींतला चांगला रस्ता कुठला?"

यशोधन पावसकरनं पुन्हा विचारलं. मोटारसायकल फाट्यावर उभी होती. इथून एक रस्ता समुद्राकडे वळत होता, दुसरा सरळ हायवे. दोन्ही रत्नागिरीला जाणारे.

आंब्याखाली निर्मोहमुनी पाय पसरून बसले होते. दीक्षा घेतल्यापासून ते कुठल्याही वाहनात बसले नव्हते. दोन्ही रस्ते त्यांनी अनवाणी तुडवले होते.

"तुला कुठला आवडतो?"

"समुद्राकडचा! सुरूची बनं, खाली निळं पाणी. मधे खाडी आली की गाडी सरळ बोटीत चढवायची. फक्त... पोचायला उद्याची दुपार उजाडते."

"आणि हायवेनं?"

"आज संध्याकाळीच. पण हायवेवर बघायला असतं काय, महाराज? माझी उभी हयात गेली गाडीवर. मला विचारा."

महाराज उठले.

"चल थोडं. हायवेनंच."

"बसा ना मागं..." म्हणता म्हणता त्यानं जीभ चावली.

महाराज हसले आणि चालू लागले. यशोधन गाडी ढकलत मागून निघाला. ट्रक अंगावरून गेल्यासारखे सणसणत जात होते. घामानं शर्ट पाठीला चिकटला. काय अवदसा आठवली आणि थांबलो, असं त्याला झालं.

पुढे रस्त्यासाठी डोंगर उभा कापला होता. तिथं महाराज थांबले. मान वर करून त्यांनी हात जोडले.

"कुणाला नमस्कार, महाराज? देऊळ तर दिसत नाही."

"बघ."

काळा कातळ. वर पुन्हा काळाच कातळ. आणि मधून आडवा गेलेला लालभडक पट्टा, जणू नुकताच ओढलेला.

यशोधननं गाडी स्टँडला लावली. जवळ गेला. लाल पट्ट्यावर बोट टेकवलं. बोटाला माती लागली...

शाळेत शिकलेलं आठवलं. हा सगळा मुलूख लाव्हाचा, काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हाच.

"महाराज... ही जमीन होती? उघडी? उन्हातली?"

"होती."

"आणि हिच्यावर पुन्हा आग आली..."

महाराजांनी पट्ट्यावरच्या काळ्या कातळाकडे बोट दाखवलं.

यशोधनला ट्रकचे आवाज ऐकू येईनासे झाले. वर पाहता पाहता तो रस्त्याकडेला खाली बसला.

"किती वेळा इथून गेलो मी. ऐंशीच्या खाली काटा कधी आला नाही."



"रत्नागिरीला काय आहे?" महाराजांनी विचारलं.

"बाबा." त्याचा आवाज उतरला होता. "आमचं बोलणं बंद आहे. घर सोडलं तेव्हापासून. काल ताईचा फोन आला. म्हणाली, ये आता. ते कुणाला ओळखत नाहीत. दार वाजलं की फक्त मान वळवतात..."

महाराजांनी डोळे मिटले. उघडले.

यशोधन उठला. हेल्मेट हातात घेतलं, पण घातलं नाही.

"महाराज, समुद्राकडचा रस्ताही असाच असेल. तोही मी कधी नीट बघितला नाही. आता सांगा ना, कुठल्या वाटेनं जाऊ?"

महाराज चार पावलं पुढे गेले होते. तिथूनच वळून म्हणाले,

"वाट बघायला निघालायस... की वाट बघणाऱ्याला?"