लटपटलेला पाय

माणसाने अजून विस्तव पेटवला नव्हता, तेव्हाची गोष्ट. बांबूच्या रानातल्या पाणवठ्यावर कवड्या नावाचा तरुण चितळ उतरला. वाघाच्या भीतीने त्याचा पुढचा पाय लटपटला आणि दगडावर तीनदा आपटला. त्या दिवशी वाघ आला नाही. तेव्हापासून सगळा कळप तीनदा पाय आपटूनच पाण्याला तोंड लावू लागला.

कवड्या म्हातारा झाला. एके सकाळी ठिपकी नावाची हरिणी पाय न आपटताच पाणी प्यायली, आणि दुपारी वाघाने एक पाडस नेले.

"हिच्यामुळेच," कळपाचा नाईक म्हणाला. "काढा हिला कळपाबाहेर."

एकटी हरिणी त्या रानात दोन दिवस टिकत नसे.

"घसा सुकला होता हो, आजा," ठिपकी कवड्याला म्हणाली. "तुम्हीच सांगा ना यांना. पहिल्यांदा पाय तुम्हीच आपटलात."

कवड्याने कळपाकडे पाहिले. खरे सांगितले, तर उद्या कळप कशाच्या धीरावर पाण्याला उतरेल? आणि त्या आपटण्यात खरेच काही असले तर? आपल्याला तरी कुठे नक्की ठाऊक आहे?

तरी तो उठला. "त्यात काही नाही रे. भीतीने लटपटला होता माझा पाय. हे बघा, मी तसाच पितो."

तो पाण्याशी गेला. पलीकडचे गवत हलले. वाराच असावा. पण त्याचा म्हातारा पाय लटपटला आणि दगडावर आपटला. एकदा, दोनदा, तीनदा.

"बघितलंत?" नाईक म्हणाला. "आजासुद्धा चुकवत नाहीत."

कळप ठिपकीला झाडीकडे रेटू लागला. कवड्याने मान खाली घातली आणि तो पाणी प्यायला.